दुसरा की तिसरा?

गिअर टाकणे हा आपल्या देशात अक्षरशः डाव्या हाताचा खेळ असल्यामुळे, त्या दांड्याखालच्या पेटीत कोणते दंतचक्र कोणत्या दंतचक्राशी कसा व्यवहार करते याची चौकशी करण्याच्या भानगडीत सहसा कोणी सद्गृहस्थ पडत नाही. चढ आला की गाडी ओढत नाही म्हणावे, ‘दुसरा टाक’ असा सल्ला मागच्या आसनावरून द्यावा आणि घाटमाथ्यावर चहा प्यावा, एवढ्यावर आपल्या समाजाचे यांत्रिक ज्ञान आजवर निर्वेधपणे चालत आलेले आहे. परंतु राजगुरुनगरातील एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या मनात आपल्या जुन्या मारुती ८०० चे दमलेले इंजिन काढून टाकून तेथे विजेची मोटर बसविण्याची ऊर्मी उत्पन्न झाली, आणि ज्याच्यावाचून आमच्या गावाचे आजवर काहीही अडले नव्हते तो गुणोत्तराचा प्रश्न एकाएकी ओट्याओट्यावर चर्चेस येऊन बसला: मोटर बसवायची खरी, पण ती चालवायची कोणत्या गिअरवर?

वास्तविक हा प्रश्न सोडविण्यास याहून सोयीचे गाव शोधूनही सापडले नसते. दक्षिणेस हाकेच्या अंतरावर चाकण, तेथे मोटारींचे, मोटारसायकलींचे आणि त्यांना लागणाऱ्या हजारो सुट्या भागांचे कारखाने. त्याच्यापुढे भोसरी, पिंपरी, आकुर्डी. असा हा मुलूख असल्यामुळे आमच्याकडे घरटी एक तरी इसम दंतचक्र कापणारा, घासणारा, मोजणारा किंवा निदान त्याच्या खोक्यांवर शिक्के मारणारा निघतोच. शिवाय गिअरांच्या निरोपाचा एक समारंभ याच पट्ट्यात आधी होऊन गेलेला आहे. १९७२ साली आलेली बजाजची चेतक चालविताना डाव्या मुठीतला क्लच दाबून तीच मूठ पिळावी लागे, आणि एक, दोन, तीन, चार हे आकडे पाठ करण्यात दोन पिढ्यांची मनगटे खर्ची पडली. २०१९ साली त्याच नावाची विजेची स्कूटर चाकणच्या कारखान्यात तयार होऊ लागली तेव्हा मुठीवरचे आकडे नाहीसे झाले. तथापि आमच्या आळीतील एक वयोवृद्ध गृहस्थ अजूनही चढ लागला की सवयीने डावा हात आवळतात आणि तेथे आता क्लचच्या जागी ब्रेक असल्यामुळे ऐन चढावर उभे राहून मागच्या टेम्पोवाल्याचे चार शब्द ऐकून घेतात.

गिअर मुळात लागतात कशाला, हे येथेच सांगून टाकलेले बरे. पेट्रोलचे इंजिन ही अत्यंत मानी वस्तू आहे. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली उतरणे ते अप्रतिष्ठेचे समजते आणि उतरावे लागलेच तर बंद पडते. मारुती ८०० च्या इंजिनाचा पुरा जोर मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास प्रकट होतो, आणि गाडीचे चाक तर आरंभी जागचे हललेलेही नसते. या दोघांत बोलणी घडवून आणण्यासाठी क्लच नावाचा मध्यस्थ आणि चार गिअरांचे पंचमंडळ नेमावे लागते. विजेच्या मोटरीला असला मानापमान ठाऊक नाही. ती शून्यावर उभी असतानाच पुरा जोर लावू शकते, ठरावीक फेऱ्यांपर्यंत तो टिकवते, आणि त्यापुढे फेऱ्या वाढतील त्या मानाने जोर आखडता घेते. तेव्हा तिला चार पंचांची गरज नाही, एक पुरतो. मात्र तो एक कोणता, हे पहिल्याच दिवशी ठरवावे लागते, आणि ग्यानबाची मेख आहे ती तेथेच.

रेल्वेने हा निकाल आपल्याच सह्याद्रीत केव्हाच लावून टाकलेला आहे. पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १९२९ च्या सुमारास विजेवर आला, आणि सदतीस फुटांमागे एक फूट चढणाऱ्या बोरघाटात मालगाड्या ओढण्यासाठी जी विद्युत इंजिने आणली गेली, त्यांना रेल्वेचे लोक ‘खेकडा’ म्हणत. या खेकड्यांना पहिला, दुसरा, तिसरा असले काही नव्हते; दातांचे प्रमाण कारखान्यातच कायम करून दिलेले असे. मालाच्या इंजिनाला जोराचे प्रमाण आणि १९३० साली सुरू झालेल्या दख्खनच्या राणीसारख्या गाड्यांच्या इंजिनाला वेगाचे प्रमाण, असा चोख बंदोबस्त होता. रेल्वेला हे साधले याचे कारण उघड आहे: आपल्याला कोठून कोठे आणि काय घेऊन जायचे आहे, हे तिला वेळापत्रकासकट माहीत असते. खाजगी मोटारमालकाला ते माहीत नसते; माहीत असल्याचा आत्मविश्वास मात्र उदंड असतो.

मुख्याध्यापकांच्या अंगणात जी मसलत भरली, तिला स्वतः गॅरेजवाले मेस्त्री, चाकणच्या एका कारखान्यात डिप्लोमावर लागलेला मुख्याध्यापकांचा भाचा, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आणि अवघ्या आळीत भाऊसाहेब या नावाने ओळखले जाणारे शेजारी, पंचक्रोशीत नाव असलेले एक गाडामालक, आणि चहाची वेळ साधून पोहोचलेला प्रस्तुत लेखक, असे सभासद हजर होते. मारुतीचे इंजिन निघालेले होते; त्या पोकळीत गिअरपेटी एकटीच बसली होती आणि तिच्या तोंडातून खाचांचा एक दांडा बाहेर डोकावत होता, ज्याला आता मोटर जोडायची.

भाच्याने कागदावर आकडे मांडले. या गाडीत पहिल्याचे प्रमाण ३.५८३, दुसऱ्याचे २.१६६, तिसऱ्याचे १.३३३, चौथ्याचे ०.९, आणि पुढे डिफरन्शियलचे ४.३५. त्या त्या आकड्याला शेवटच्याने गुणले की चाकाच्या एका फेरीमागे मोटरीने किती फेऱ्या घ्यायच्या ते निघते: पहिल्यात साडेपंधरा, दुसऱ्यात ९.४२, तिसऱ्यात ५.८ आणि चौथ्यात ३.९. आता, टेस्लाच्या मॉडेल एस या गाडीचे एकमेव प्रमाण ९.७३ आणि निसानच्या लीफचे ७.९४ असल्यामुळे, कायम दुसऱ्यात ठेवलेली राजगुरुनगरची मारुती आणि कॅलिफोर्नियाची टेस्ला या दातांपुरत्या जवळजवळ सख्ख्या बहिणी ठरतात, असे त्याने सांगताच मुख्याध्यापकांची मुद्रा उजळली; परंतु टेस्लाची मोटर मिनिटाला पंधरा हजारांच्या घरात फिरते आणि आपण आणलेली सहा हजारांवर हात टेकते, हे त्याने पुढच्याच वाक्यात सांगितल्यामुळे ती पूर्ववत झाली. ताशी साठ किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक हजार मीटर. मारुतीचे बारा इंची चाक एका फेरीत दीड मीटरहून किंचित अधिक जमीन काटते, म्हणजे मिनिटाला साधारण साडेसहाशे फेऱ्या. तेव्हा दुसऱ्यात साठ गाठताच मोटरीचे सहा हजार भरतात आणि तिच्या हिशेबी जग तेथे संपते. तिसऱ्यात तीच मजल पंचाण्णवापर्यंत जाते. चौथ्यात वेगाची स्वप्ने हवी तितकी पाहावीत.

“मग चौथाच ठेवू,” मुख्याध्यापक म्हणाले.

“मामा, खेड घाट चढायचाय का नाही?” भाच्याने विचारले, आणि उलट बाजूचा जमाखर्च मांडला. माणसे आणि बॅटऱ्या धरून गाडीचे वजन एक हजार किलो, चढ दहात एक. अशा ठिकाणी दुसऱ्यात मोटरीला सुमारे ३३ न्यूटन-मीटर जोर लावावा लागेल, तिसऱ्यात ५४ आणि चौथ्यात ८०. जितका जोर तितका करंट, आणि तारांत उत्पन्न होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे एकाच चढावर तिसऱ्यात दुसऱ्याच्या अडीचपटीहून जास्त आणि चौथ्यात जवळजवळ सहापट मोटर तापणार. पेट्रोलची गाडी चौथ्यात चढावर धडधडून, गुदमरून आपले दुःख मालकाच्या कानी घालते. विजेची मोटर तशी तक्रार करीत नाही, ती निमूटपणे चढते आणि वर गेल्यावर जळाल्याचा वास येतो.

भाऊसाहेबांचा कागदावर विश्वास नव्हता, कारण त्यांचे उभे आयुष्य कागद तयार करण्यात गेलेले होते. “मौका पाहणी झाल्याशिवाय मी हे आकडे मानणार नाही,” असे म्हणून त्यांनी पुढच्या एका चाकाखाली जॅक लावविला, दुसरा गिअर टाकविला, टायरवर व त्या खाचांच्या दांड्यावर खडूने रेघा ओढविल्या, आणि उचललेले चाक बरोबर एक फेरी फिरवून दांड्याच्या फेऱ्या मोठ्याने मोजविल्या. त्या पावणेपाचच्या आतच भरल्या. साडेनवाच्या जागी पावणेपाच! सरकारी धान्याच्या गोदामातही निम्म्याने तूट निघाली तर काही हालचाल होते, असे उद्गार काढून भाऊसाहेबांनी भाच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने पूर्वी कित्येक तलाठ्यांच्या बदल्या झाल्या असतील. मेस्त्रींनी समजावून पाहिले की दुसरे चाक जमिनीवर अडून राहिले असल्यामुळे डिफरन्शियल अर्धीच फिरते, तेव्हा मोजलेले दुप्पट करा म्हणजे हिशेब जुळेल. पण दुपटीने नोंद करणे म्हणजे खाडाखोड, असे भाऊसाहेबांचे मत पडले, आणि समतेच्या तत्त्वास अनुसरून दोन्ही चाके उचलण्याचा हुकूम त्यांनी दिला. दोन्ही उचलली, डावे पुढे फिरविले. त्याबरोबर उजवे तितकेच मागे फिरले आणि दांडा तसूभरही हलला नाही. अशा रीतीने एकाच दुसऱ्या गिअरचे प्रमाण कागदोपत्री ९.४२, पाहणीत ४.७ आणि फेरपाहणीत शून्य असे निघाले, आणि भाऊसाहेबांनी तिन्ही आकडे पंचनाम्यात नमूद करून पंचांच्या सह्या घेतल्या. माझीही आहे.

गाडामालक एवढा वेळ गप्प होते. आमच्या तालुक्यात बैलगाडा शर्यतीच्या घाटात जे बैल पंधरा सेकंदांच्या आत वर पोहोचतात त्यांना नांगर दाखवीत नाहीत, आणि नांगराच्या बैलांना घाट दाखवीत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती बंद केल्या आणि २०२१ च्या अखेरीस त्या पुन्हा सुरू झाल्या, त्या मधल्या सात वर्षांतही त्यांच्या दावणीच्या शर्यतीच्या खोंडांनी नुसती पेंड खाल्ली, पण औताला खांदा दिला नाही. “सर, तुम्हाला एकाच बैलानं दोन्ही करून पायजे,” ते म्हणाले, “आन् वर त्यो तापायलाबी नको.” मला वाटते, त्या दिवशी यंत्रशास्त्राविषयी याहून नेमके कोणी बोलले नाही.

मग एक सोडून दोन गिअर वापरावेत, चालता चालता बदलावेत, अशी तडजोड पुढे आली. भाच्याने हे प्रकरण वाटते तितके सोपे नसल्याचे सांगितले. मोटरीचा जड रोटर फिरत असताना क्लचशिवाय गिअर बदलायचा तर पेटीतल्या नाजूक पितळी कड्यांनी तो रोटर ओढून नव्या वेगावर आणायचा; त्या बिचाऱ्या क्लच-प्लेटीचे हलके वजन सावरण्यापुरत्या घडविलेल्या असतात. खुद्द टेस्लाने आपल्या पहिल्या रोडस्टरसाठी दोन गिअरांची पेटी करून पाहिली, ती टिकेना, आणि शेवटी एकाच प्रमाणाची पेटी बसवून तिने सुटका करून घेतली. पोर्शेच्या टायकानमध्ये दोन आहेत, पण त्या गाडीच्या किमतीत आमच्या पेठेतला एखादा वाडा माडीसकट येईल. मेस्त्रींची चिंता निराळीच होती. जुन्या क्लच-प्लेटीचा मधला खाचांचा भाग कापून, भोसरीत लेथवर बाही ओढून, त्यात तो वेल्ड करून मोटर जोडायची, हे सारे त्यांच्या डोळ्यांपुढे उभे होते. “गिअर कुठलाही ठेवा सर,” ते म्हणाले, “सेंटर आऊट झालं तर आधी बेअरिंग बोंबलणार, मग मी.”

त्यातच मागे जाण्याच्या गिअरचा विषय निघाला. विजेची मोटर स्विच फिरविताच उलटी फिरते, सबब पेटीतला मागचा गिअर निकामी. परंतु सवयीने कोणी स्विचही उलटा केला आणि दांडाही मागच्यात टाकला, तर दोन उलट्यांची सुलट होऊन गाडी पुढे भिंतीत जाईल. या शक्यतेवर बराच वेळ गेला, कारण प्रत्येकाला आपापल्या घराण्यातली अशी एक व्यक्ती आठवली.

निर्णय व्हावा कसा? तो झाला, पण अनपेक्षित मार्गाने. मुख्याध्यापकांनी गाडी घेतल्या दिवसापासून तिची रोजकीर्द ठेवलेली आहे: तारीख, ठिकाण, किलोमीटर, पेट्रोल आणि शेरा. आपण नाशिक रस्त्यावर शंभराने जातो आणि भीमाशंकर तर आपले नेहमीचे, या दोन दाव्यांच्या पुष्ट्यर्थ त्यांनी ती वही मोठ्या दिमाखाने बाहेर आणली, आणि भाऊसाहेबांच्या हाती दप्तर पडले. वाड्यावरून भीमाशंकर: वर्षातून एकदा, श्रावणात, आणि अलीकडच्या सालांत तेही ‘एसटीने गेलो’ या शेऱ्यासह. खेड घाट: मंचरच्या लग्नांपुरता, आणि बाह्यवळण झाल्यापासून घाट असा नाहीच. उरलेली पानेच्या पाने चाकण, चाकण आणि चाकण. तळेगाव चौकापासून आंबेठाण चौकापर्यंतच्या त्या रस्त्यावर, जेथे पहिला टाकायचा आणि न्यूट्रल काढायचा एवढेच मनुष्याच्या हाती राहते, तेथे गाडीने काढलेले तास ‘कोंडी’ या एकाच शेऱ्याखाली वर्षानुवर्षे जमा झालेले होते. भाच्याने लागलीच हिशेब केला की राजगुरुनगर ते चाकण या प्रवासाचा सरासरी वेग ताशी पंधरा किलोमीटर पडतो. पंधराला दुसऱ्यात मोटर जेमतेम दीड हजार फेऱ्या घेते आणि कोंडीत उभी असता एक फेरीही घेत नाही, म्हणजे पेट्रोलचे इंजिन जेथे नुसते उभे राहून पैसे जाळते तेथे हिला खर्च शून्य. या वहीप्रमाणे पाहता दुसरा गिअर पुरून उरतो. साठाची मर्यादा गाडीला कधी शिवलेलीच नाही.

मुख्याध्यापकांनी वही मिटली. मनुष्य मोटार विकत घेतो ती ज्या रस्त्यांवर आपण जातो त्यांच्यासाठी नव्हे, तर ज्यांवर जाऊ असे त्याला वाटते त्यांच्यासाठी, आणि त्या वाटण्याचा असा जाहीर लिलाव झालेला कोणास आवडेल? “मला साठी उलटून बारा वर्षं झाली,” ते करारी स्वरात म्हणाले, “आता गाडीनं साठीच्या आत राहायचं, हे मला मान्य नाही.” यावर कोणापाशीच उत्तर नव्हते. अखेर तहनामा झाला तो असा की गाडी नित्य तिसऱ्यावर चालेल. घाट आलाच तर पायथ्याशी थांबून, उभ्या गाडीत दुसरा टाकावा आणि माथ्यावर थांबून पुन्हा तिसरा. क्लच आणि त्याचे पायतळीचे पेडल काढून टाकावे, मात्र डाव्या पायाला एकदम रिकामे वाटू नये म्हणून तेथे टेकवायला एक रबरी पट्टी बसवावी.

सर्वांनी हुश्श म्हटले, आणि नेमक्या या क्षणी भाऊसाहेबांनी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगितले. नोंदणीत लिहिलेल्या गाडीत मंजुरीवाचून असला फेरबदल करता येत नाही. विजेचे संच बसविण्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे. त्यानुसार पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने त्या त्या गाडीसाठी पसंत केलेला संच, अधिकृत बसविणाऱ्याकडूनच बसवून घ्यावा लागतो, आणि मग पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयातून नोंदणीपुस्तकात इंधनाचा रकाना बदलून आणावा लागतो. पुण्यातच २०१० साली केपीआयटी आणि भारत फोर्ज यांनी चालू गाड्यांना इंजिनाच्या जोडीने मोटर लावणारा ‘रेव्होलो’ नावाचा संच मोठ्या गाजावाजाने दाखविला होता, तेव्हा असले नियमच नव्हते. ते आले पुढे काही वर्षांनी, आणि तोवर तो संच मागे पडला होता. हे सारे भाऊसाहेबांना पहिल्यापासून ठाऊक होते. मग आधी का नाही सांगितले, असे विचारता, “कोणी विचारलं नाही,” हे त्यांनी आयुष्यभर दिलेले उत्तर त्यांनी पुन्हा दिले, आणि दरखास्तीचा मसुदा करावयास घेतला.

‘वाहनाचा तपशील’ या सदराखाली त्यांनी लिहिले: गिअर एकूण चार, अधिक मागे जाण्याचा एक, पैकी तिसरा कायम, दुसरा हंगामी, पहिला सेवानिवृत्त, चौथा निलंबित, आणि मागे जाण्याचा, त्याचे काम स्विचकडे वर्ग झाल्यामुळे, बडतर्फ. मुख्याध्यापकांनी चौथ्याच्या निलंबनास हरकत घेतली. विनाचौकशी निलंबन कोणत्या नियमान्वये झाले, असे विचारून त्यांनी असा आग्रह धरला की त्याला फार तर दीर्घ मुदतीच्या रजेवर दाखवावे, म्हणजे मंचरच्या पुढे कधी मोकळा रस्ता लागलाच तर पुन्हा रुजू करून घेता येईल. भाऊसाहेबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, आणि रजा बिनपगारी की भरपगारी, असा सवाल टाकला.